ब्रेक ऑइलची बाटली

गेल्या ऑगस्टमध्ये रजा काढून मी अमेरिकेत कोलोरॅडोला भाच्याकडे गेले होते. रॉकी पर्वत बघायचा होता. पण तिथला एक अख्खा शनिवार मी घरासमोरच्या फरशीवर, पालथ्या बादलीवर बसून एका गाडीच्या चाकाकडे बघत काढला.

गाडी म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. चाकांवरचं घरच ते. आत ओटा, शेगडी, फ्रीज, बिछाने, चिमुकली न्हाणी. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. पिकअप ट्रकच्या मागे जोडायचं आणि डोंगरात जाऊन राहायचं. भाच्याचा ट्रेलर भरल्यावर साधारण तीन टनांचा होतो. दोन आस, चार चाकं. बहुतेक ट्रेलरना ड्रमचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात. याच्या आधीच्या मालकाने ते काढून चारही चाकांना डिस्क ब्रेक बसवले होते.

मी जायच्या आदल्या आठवड्यात ते तिघं डोंगरातून परतत होते. तिथे आयसेनहॉवर बोगदा आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर. त्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की रस्ता सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत काही मैलांत साडेसहाशे मीटर खाली येतो. आपल्या खंडाळ्याच्या घाटात ट्रकचे ब्रेक तापतात, तोच प्रकार. वाटेत ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी वाळू-खडीच्या चढत्या वाटा काढून ठेवल्या आहेत. निम्मा उतार झाल्यावर जळका वास आला आणि ट्रेलर मागून ढकलतोय असं भाच्याला जाणवलं. पेट्रोल पंपावर थांबून त्याने लांबून तापमान मोजणारा थर्मामीटर, तोच आपण करोनात कपाळावर धरायचो त्या जातीचा, चाकांवर धरला. तीन चाकं ऐंशी-नव्वद अंश सेल्सिअस. उजवीकडचं मागचं चाक दोनशेच्या वर.

"मावशी, एका पेशंटला ताप आहे, बाकी तिघं नॉर्मल," असं तो मला फोनवर म्हणाला होता. निदान बरोबर निघालं. आजार एका चाकाचाच होता.

ब्रेक म्हणजे उष्णता करणारं यंत्र. तीन टनांचा ट्रेलर ताशी ९० किलोमीटरने जात असेल तर त्याच्या गतीत नऊ लाखांहून जास्त ज्यूल ऊर्जा असते. एकदा पूर्ण थांबवलं की तेवढ्या उष्णतेत पावणेतीन लिटर गार पाणी उकळेल. साडेसहाशे मीटरच्या उतारावर जी ऊर्जा सुटते तिच्यात पन्नास लिटरहून जास्त पाणी उकळेल. त्यातला काही वाटा हवेचा विरोध खातो, काही ट्रकचं इंजिन खातं. उरलेली सगळी उष्णता लोखंडाच्या चार तबकड्यांनी पचवायची असते.

पाय ब्रेकवर पडला की ट्रकमधला कंट्रोलर तारेतून ट्रेलरच्या नाकाशी बसवलेल्या पंपाला इशारा देतो. पंप ब्रेक ऑइलवर दाब आणतो आणि तो दाब नळीतून चारही चाकांच्या कॅलिपरमध्ये पोचतो. पास्कलने सतराव्या शतकात सांगितलेला नियम इथे राबतो : कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पसरतो. डिस्क ब्रेकसाठीचा हा पंप १,६०० पीएसआयपर्यंत दाब देतो. आयुष्यभर रक्तदाब मोजणाऱ्या बाईने त्याचं रूपांतर केल्याशिवाय राहवेना. ८२ हजार मिलिमीटर पारा! १८० दिसलं की आमची धावपळ सुरू होते.

पण द्रव दाबला जात नाही म्हणून हे सगळं चालतं. वाफ मात्र दाबली जाते. ब्रेक ऑइलला हवेतली ओल शोषायची सवय असते. रबरी नळ्यांतून, झाकणाच्या फटीतून पाणी आत मुरत राहतं. डॉट-३ जातीचं कोरं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये अशी अट आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही हद्द १४० वर येते. डॉट-४चे आकडे २३० आणि १५५. या ट्रेलरमधलं ऑइल किती जुनं हे कुणालाच माहीत नव्हतं. तापलेल्या चाकाची उष्णता पॅडमधून पिस्टनपर्यंत, पिस्टनमधून ऑइलपर्यंत गेली, ऑइलमध्ये बुडबुडे झाले आणि पंपाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यात गेला. म्हणून तो मागून ढकलल्याचा भास. भास कसला, ढकलतच होता तो.

सकाळी साडेआठला काम सुरू झालं. भाच्याने ट्रेलर ट्रकला जोडलेलाच ठेवला, जमिनीवर राहणाऱ्या चाकांच्या पुढे-मागे अडसर लावले, चेसिसच्या लोखंडाखाली जॅक लावून बाजू उचलली आणि लगेच चाकाचे नट काढायला बसला. मी म्हटलं, "स्टँड कुठे आहेत?" म्हणाला, "मावशी, दहा मिनिटांचं काम आहे." मी बादलीवरून उठले आणि पाना काढून घेतला. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. आमच्या अपघात विभागात गाडीखाली सापडलेली माणसं येतात. त्यांतल्या काहींच्या अंगावर खरचटल्याखेरीज काही दिसत नाही. छातीवर वजन आलं की बरगडी मोडायचीही गरज नसते. छाती फुगू शकत नाही, श्वास थांबतो आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. मांड्या तासन् तास चेंगरल्या असतील तर वजन काढल्यावर चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि हृदय बंद पडू शकतं. भाच्याने शेजाऱ्याकडून स्टँड आणले. हसत आणले, पण आणले. ट्रेलरचे चार कोपऱ्यांतले जे टेकू असतात ते फक्त घर डुलू नये म्हणून असतात, त्यांनी गाडी उचलायची नसते, हे त्याला माहीत होतं. माहीत नसलेले पुष्कळ असतील.

चाक निघालं आणि आजार दिसला. कॅलिपर दोन पिनांवर मागे-पुढे सरकायला हवा. खालची पिन गंजून घट्ट झाली होती. त्यामुळे आतलं पॅड सतत डिस्कला घासत राहिलेलं, झिजून पत्र्याला आलेलं, आणि बाहेरचं जवळजवळ कोरं. तबकडीवर निळसर डाग. कॅलिपरच्या आजूबाजूला काळी भुकटी.

ती भुकटी उडवायला त्याने हवेची नळी उचलली तेव्हा मी दुसऱ्यांदा ओरडले. आता तोही वैतागला. "मावशी, हे पॅड सिरॅमिकचे आहेत, अ‍ॅस्बेस्टॉसचे नाहीत." असतीलही. पण आधीच्या मालकाने बसवलेले पॅड कुठले हे पाकिटाशिवाय कसं कळणार? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने गाड्यांच्या सुट्या ब्रेक लायनरमधल्या क्रिसोटाइल अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम केला तो मार्च २०२४ मध्ये. त्याआधी ते विकत मिळू शकत होतं. आपल्याकडे तर आजही अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्याच हक्काचा भाग आहे असं सांगितलं. गॅरेजमध्ये लायनर झटकणाऱ्या पोरापर्यंत तो निकाल पोचलेला मी पाहिलेला नाही.

इथे भीती वाढवून सांगायची नाही. ब्रेकच्या उष्णतेने या धाग्यांचा बराचसा भाग मोडून निरुपद्रवी खनिज बनतो. मेकॅनिकांवर झालेल्या पाहण्यांत मेसोथेलिओमाचा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचा, धोका अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात किंवा उष्णतारोधक लेप देण्याच्या कामात दिसतो तसा दिसलेला नाही. पण जो धोका वीस ते पन्नास वर्षांनी दार ठोठावतो, तो सकाळी हवेची नळी मारून घरी का आणायचा? शिवाय अ‍ॅस्बेस्टॉस नसलं तरी ती धातूची बारीक पूड आहेच. ओल्या फडक्याने पुसा, आधी साबणपाणी शिंपडा, काम झाल्यावर कपडे वेगळे धुवा. फुंकर मारू नका. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांतही ब्रेकच्या कामात दाबाखालच्या हवेने धूळ उडवायला मनाई आहे.

मग आला ब्रेक क्लीनरचा डबा. फवारला की तेलकटपणा जातो आणि क्षणात उडून जातो. या डब्यांच्या दोन जाती. एकात क्लोरीन असलेले द्रव असतात. त्यांनी पुसलेल्या भागावर वेल्डिंग केलं किंवा ज्योत धरली तर फॉस्जीन वायू होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात वापरला गेलेला तोच वायू. त्याचं वाईट हे की सुरुवातीला जरासा खोकला येतो, माणूस घरी जातो, आणि कित्येक तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. दुसऱ्या जातीत क्लोरीन नसतं, म्हणून ती सुरक्षित समजली गेली. पण तिच्यातल्या काहींत हेक्झेन होतं. १९९९-२०००च्या सुमारास कॅलिफोर्नियात गॅरेजमध्ये काम करणाऱ्या तरुण माणसांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, पायांतली ताकद गेली, आणि माग काढत गेल्यावर तो या डब्यापाशी पोचला. हेक्झेनपासून शरीरात जो पदार्थ तयार होतो तो नसांचे लांब धागे टोकाकडून मारत येतो. म्हणून आधी पायाची बोटं, मग घोटा, मग हात. काम थांबवल्यावरही काही आठवडे त्रास वाढतच राहतो, आणि रोगी म्हणतो, डॉक्टर, तुमच्या औषधाने जास्तच झालं.

हा शेवटचा संवाद माझा स्वतःचा आहे. तो मुलगा तालुक्याच्या गावातल्या गॅरेजमधला होता. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, ही त्याची तक्रार. मी साखर तपासली, बी-१२ तपासलं, दारू विचारली. काय काम करतोस हे विचारायला मला तिसरी भेट लागली. चार भिंतींच्या बंद गाळ्यात रोज हात बुडवून पार्ट धुणं, हे त्याच्या लेखी काही काम नव्हतंच. "ते काय, साफसफाई," असं म्हणाला होता. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर व्यवसायाची ओळ मी रिकामी सोडत नाही.

भाच्याने काम उघड्यावरच चालवलं होतं, हातमोजे होते, डबा क्लोरीनविरहित होता. मी गप्प बसले. दुपारपर्यंत पिना नव्या बसल्या. त्यांना सिलिकॉनचं ग्रीस लावलं, कारण साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि तीच पिन पुन्हा अडकते. पॅड दोन्ही बाजूंची बदलली, तो एक कॅलिपर नवा घातला, जुनी रबरी नळी काढून टाकली, सांध्याचे तांब्याचे वायसर नवे घातले.

दाबाखालच्या नळीबद्दल एक सांगते. गळती शोधायला नळीवरून बोट फिरवू नये. बारीक छिद्रातून निघालेली धार कातडीत शिरते. ग्रीसगनने तर हे हमखास होतं. आमच्याकडे आलेल्या एका मेकॅनिकच्या तर्जनीवर सुईच्या टोकाएवढा ठिपका होता आणि दुखतही फारसं नव्हतं. तो दोन दिवसांनी आला तेव्हा बोट काळं पडलं होतं आणि अर्धं कापावं लागलं. दाबाने तेल किंवा ग्रीस बोटात शिरलं तर जखम कितीही लहान दिसो, त्याच तासाला शस्त्रक्रिया होईल अशा रुग्णालयात जायचं असतं. गळती पुठ्ठा धरून बघा.

शेवटचं काम एअर काढण्याचं. हे चौघांचं काम झालं. सूनबाई ट्रकमध्ये बसून कंट्रोलरची दांडी दाबत होती, भाचा चाकाशी निपल उघडत-बंद करत होता, पारदर्शक नळीचं दुसरं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत होतं, आणि ती बाटली धरायला मी. चौथा, चार वर्षांचा, आत झोपला होता. पंपापासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली. निपल कॅलिपरच्या वरच्या अंगाला हवा, नाहीतर हवेचा फुगा वरच अडकून राहतो. आधी काळपट तेल आलं, मग बुडबुडे, मग हळूहळू स्वच्छ. टाकीतलं तेल खाली जाऊ न देता वरून नवं घालत राहायचं, नाहीतर पुन्हा हवा आत. तिसऱ्या चाकापर्यंत बाटली पाऊण भरली. मी तिला बूच लावलं, ट्रेलरच्या पायरीवर सावलीत ठेवली आणि दुसरी रिकामी बाटली घेतली.

त्या पायरीवर आमच्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या होत्या. तशाच. त्याच आकाराच्या, त्याच बुचाच्या.

चौथं चाक चालू असताना माझ्या खांद्याशी कुणीतरी उभं राहिलं. झोपेतून उठून आलेला. हातात बाटली. "आजी, ज्यूस. उघड ना."

बूच घट्ट होतं, एवढंच. सफरचंदाच्या रसासारखा रंग होता तिचा, आणि ती ठेवली होती मी. सकाळपासून तिघांना दटावणाऱ्या, तीस वर्षं विषबाधेचे रोगी बघणाऱ्या मी.

ब्रेक ऑइल हे ग्लायकॉल आणि ग्लायकॉल इथर या कुळातल्या द्रवांचं मिश्रण असतं. यांपैकी डायएथिलीन ग्लायकॉल हा माणसाचा जुना वैरी आहे. चवीला गोडसर. १९३७ मध्ये अमेरिकेत एका सल्फा औषधाचं सरबत त्यात बनवलं गेलं, शंभराहून जास्त माणसं गेली, आणि त्यातून पुढच्याच वर्षी तिथला औषध कायदा झाला. आपल्या मुंबईत १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलमधून तेच द्रव्य रुग्णांच्या पोटात गेलं आणि चौदा जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्यासाठीच बसला होता. आम्ही एमबीबीएसला असताना सीनियर मंडळी हे आवाज खाली करून सांगायची. २०२२ मध्ये गांबियात खोकल्याच्या औषधातून पुन्हा तेच, आणि या वेळी मुलं.

हे पोटात गेल्यावर पहिले काही तास मूल झिंगल्यासारखं वागतं, उलट्या होतात, पोट दुखतं. मग जरा बरं वाटल्यासारखं होतं. ही बरी वाटण्याची वेळच घात करते. एक-दोन दिवसांत लघवी कमी होत थांबते, कारण शरीरात या द्रव्यापासून बनलेलं आम्ल मूत्रपिंडाच्या नलिका मारतं. नंतर नसांवर परिणाम होतो. लवकर आलेल्या रोग्याला ते आम्ल बनणं रोखणारं औषध आणि डायलिसिस यांचा उपयोग होतो. लघवी थांबल्यावर आलेल्याला किती होईल याची खात्री देता येत नाही.

म्हणून घरात कुणी ब्रेक ऑइल, कूलंट किंवा असलं काही प्यायलं, नुसता संशय असला तरी, उलटी करवू नका, मीठपाणी-दूध पाजत बसू नका, "बघू संध्याकाळपर्यंत" म्हणू नका. बाटली सोबत घ्या आणि निघा, शक्यतो डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात. किती वाजता आणि अंदाजे किती घोट, एवढं लक्षात ठेवा. अमेरिकेत विषबाधेसाठी १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक भाच्याच्या फ्रीजवर चिकटवलेला होता. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषमाहिती केंद्र आहे, ते डॉक्टरांनाही सल्ला देतं आणि घरच्यांनाही.

आमच्या ओपीडीत येणारी अशी मुलं बहुतेक वेळा कोल्ड्रिंकच्या बाटलीतलं काहीतरी प्यालेली असतात. रॉकेल, थिनर, फिनेल, बॅटरीचं पाणी. आया रडत असतात आणि आम्ही विचारतो, पिण्याच्या बाटलीत का ठेवलं होतं? मीही विचारत आले आहे. आवाज चढवून विचारत आले आहे.

मुलाला मी पाण्याची खरी बाटली दिली. भाच्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. सूनबाईला ट्रकमध्ये काही दिसलं नव्हतं. रात्री जेवताना मीच सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग उठली आणि गॅरेजमधून कूलंटचा एक अर्धवट डबा आणून उंच फडताळात ठेवून आली.

ते जुनं तेल दुसऱ्या दिवशी तिथल्या घातक कचऱ्याच्या केंद्रात दिलं. देण्याआधी मी बाटलीवर काळ्या मार्करने इंग्रजीत आणि मराठीत 'विष' लिहिलं. मराठीतलं तिथे कोण वाचणार होतं, पण लिहिलं. उतारावर ट्रेलर नेण्याआधी भाच्याने मोकळ्या मैदानात वीसएक वेळा ब्रेक लावून पॅड बसवून घेतली, आणि पन्नास मैलांनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासले.

मी परत आल्यावर तिसऱ्या सोमवारी, ओपीडीच्या ऐन गर्दीत, फोनवर त्याचा निरोप आला. त्याच सिल्व्हरथॉर्नच्या पंपावरून. बोगद्यातून उतरून आल्यावर चार चाकांची तापमानं : ८४, ८८, ८१, ८६. खाली एक फोटो होता. ट्रेलरच्या पायरीवर बसलेला मुलगा, हातात स्टीलची बाटली, तिच्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली.